मुलं मदतीला आली की शंकरपाळी दगड का होते

सलग तीन दिवाळ्या आमच्या शंकरपाळ्या बिघडल्या. तिसऱ्या वर्षी भाऊबिजेला मुलांच्या मामाने एक तोंडात टाकली, या गालातून त्या गालात फिरवली आणि शेवटी दुसरी सरळ चहात बुडवली. तो बिचारा काही बोलला नाही. धाकटा मात्र छाती फुगवून म्हणाला, "मामा, ती मी केलीय."

प्रमाण घरचंच, सासूबाईंनी शिकवलेलं. १ वाटी दूध, १ वाटी साखर, १ वाटी पातळ केलेलं तूप, चिमूटभर मीठ आणि त्यात मावेल तेवढा मैदा, म्हणजे साधारण साडेचार ते पाच वाट्या. त्यांच्या हातची शंकरपाळी ओठांनी तुटायची. मी मैदा बदलला, तूप बदललं, एका वर्षी दुधाऐवजी पाणी घेतलं. काही फरक नाही. मग एकदा भर मे महिन्यात, कुणाला तरी प्रवासात द्यायच्या म्हणून, रात्री मुलं झोपल्यावर एकटीने केल्या आणि त्या अगदी खुसखुशीत झाल्या. मैदा त्याच डब्यातला!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पुढच्या दिवाळीत मुद्दाम गोळ्याचे दोन भाग केले. एक मी लाटला, कापला, तळला आणि पंचवीस मिनिटांत मोकळी झाले. दुसरा मुलांच्या स्वाधीन केला. तो तळायला माझ्याकडे आला तेव्हा सव्वा तास झाला होता. पहिला घाणा सासूबाईंसारखा, दुसरा मामाच्या गालातला.

म्हणजे खोट मैद्यात नव्हती, खरं तर मुलांच्या हातातही नव्हती. आपल्या सगळ्या फराळाच्या कृती मोठ्या माणसाच्या वेगाला बांधलेल्या असतात. कुणी तसं लिहीत नाही, पण "पीठ मळून लगेच लाटायला घ्या" यातलं 'लगेच' सहा वर्षांच्या मुलाला लागू होत नाही. दर वर्षी तीच तक्रार येत असेल, शंकरपाळी कडक, करंजी फुटते, चकली तुटते, तर आधी घड्याळाकडे बघा.

त्या सव्वा तासात पिठाचं काय होतं

तूप थिजायला लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पंखा चालू असला की आणखी लवकर. तूप थिजलं की पोळी लाटताना कडेला चिरते. चिरली की मूल ती गोळा करतं आणि पुन्हा मळतं. मळलं की ती पोळपाटाला चिकटते, म्हणून वर मैदा भुरभुरवतं. मैदा भुरभुरवणं हा मुलांचा सर्वांत आवडता भाग असतो, तो एका चिमटीवर थांबत नाही. चौकोन कापून झाले की कडेचे तुकडे उरतात, ते पुन्हा मळले जातात, पुन्हा मैदा पडतो. आमच्याकडे मोजलं तेव्हा एक गोळा सात वेळा लाटला गेला होता.

मैदा, ओलावा आणि मळणं एकत्र आलं की पिठात ग्लूटेनचं चिवट जाळं तयार होतं. पोळीला ते हवंच असतं, त्याच्यावरच पोळी ताणली जाते. शंकरपाळीला ते नको असतं, म्हणून तर एवढं तुपाचं मोहन घालायचं. सात वेळा मळून आणि वाटीभर जास्तीचा मैदा खपवून आपण त्या तुपाचं काम पुसून टाकतो.

उपाय सोपे निघाले. गोळा एकसंध होईपर्यंतच मळायचा, रगडायचा नाही. मग त्याचे लिंबाएवढे नव्हे, मोठ्या पेरूएवढे गोळे करून डब्यात झाकून ठेवायचे आणि मुलांना एका वेळी एकच द्यायचा. डबा कोमट पाण्याच्या परातीत ठेवला तर तूप थिजत नाही. मैद्याची वाटी ओट्यावरून गायबच करायची, पोळपाटाला तुपाचं बोट फिरवलेलं पुरतं. कडेचे तुकडे मळायचे नाहीत, एकमेकांवर रचून तळव्याने दाबायचे आणि एकदाच लाटायचे. त्यातून उरतील ते वेडेवाकडे तुकडे तसेच तळायचे, डब्यातून आधी तेच संपतात.

जाडी हा वेगळा त्रास. मुलांच्या लाटण्याखाली पोळी मध्ये पापड आणि कडेला भाकरी होते, मग एकाच घाण्यात काही करपतात, काही आतून कच्च्या राहतात. त्याला आमच्या मोठीने युक्ती काढली. पिठाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूटपट्ट्या एकावर एक ठेवायच्या, स्वच्छ पिशवीत गुंडाळून, आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं. पट्टीला टेकलं की लाटणं खाली जातच नाही. डायनोसॉर, तारे, स्वतःच्या नावाची अक्षरं वगैरे निघणारच. ते चौकोनांबरोबर तळू नका, त्यांचा घाणा वेगळा.

आच मंद ते मध्यम. मोठ्या आचेवर रंग लगेच येतो, पण आतून पीठ ओलं राहतं आणि दुसऱ्या दिवशी शंकरपाळी मऊ नाहीतर चिवट लागते.

उलटा बिघाडही होतो, शंकरपाळी तेलात विरघळते, कढईत नुसता फेस. बहुतेक वेळा कारण मापात असतं. मुलांना थिजलेलं तूप मोजायला दिलं की वाटीवर शिखर उभं राहतं, म्हणून तूप पातळ करूनच मोजायचं. दुसरं कारण म्हणजे तेल पुरेसं तापलेलं नसणं. आणि साखर दुधात पूर्ण विरघळायच्या आत मैदा घातला तर शंकरपाळीवर काळे ठिपके येतात, तो साखरेचा कण तेलात जळलेला असतो. कोणत्याही पदार्थाचा पूर्ण घाणा टाकण्याआधी एकच नग तळून बघा. विरघळला तर गोळ्यात दोन-तीन चमचे मैदा हलक्या हाताने मिसळता येतो. पन्नास शंकरपाळ्या कढईत विरघळल्यावर काहीच मिसळता येत नाही.

टोरांटोला माझी जाऊ असते, तिच्या शंकरपाळ्या एकटीने करूनही कडक होत. तिकडचं ऑल पर्पज फ्लोअर कडक गव्हाचं असतं, त्याचं जाळं आपल्या मैद्यापेक्षा लवकर चिवट होतं. तिने निम्मं पेस्ट्रीचं पीठ मिसळायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला.

बेसनाचे लाडू बसतात

इथे बिघाडाचं कारण मुलांच्या तळहाताची ऊब. मोठं माणूस अर्ध्या मिनिटात लाडू वळून खाली ठेवतं. मूल तोच लाडू पाच मिनिटं घोळवतं, कारण तो गोल गोल होत जाताना बघायला मजा येते. तेवढ्यात तूप पाघळतं, लाडू तुळतुळीत दिसतो आणि ताटलीत ठेवल्यावर हळूहळू पेढ्यासारखा पसरतो. हात थंड पाण्याने धुऊन अगदी कोरडे पुसायचे, लाडू सुपारीपेक्षा थोडा मोठा एवढाच घ्यायचा आणि मोठ्याने वीस आकडे मोजून झाले की खाली ठेवायचा. वीस झाले की लाडू झाला, मग तो कसाही असो. शाळेत जाणाऱ्या मुलांना हा नियम फार पटतो, एकमेकांचे आकडे मोजण्यातच त्यांचा वेळ जातो.

सगळंच मिश्रण सैल झालं असेल तर साखर गरम बेसनात पडली आहे. भाजलेलं बेसन उतरवल्यावर कढईला बाहेरून तळहात टेकवून ठेवता आला पाहिजे, तेव्हाच पिठीसाखर. मुलं "आता घालू? आता घालू?" करत असतात आणि आपण कंटाळून हो म्हणतो, तिथेच लाडू बसतात. तसं झालंच तर घाईने साखर वाढवू नका. मिश्रण दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून हाताने चांगलं फेसा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. नाहीच भागलं तर पंढरपुरी डाळ्याचं बारीक पीठ दोन चमचे मिसळा. त्याने चव फारशी बदलत नाही.

लाडू टाळूला चिकटत असेल तर मात्र मुलांना बोल लावू नका, बेसन कच्चं राहिलंय. २ वाट्या बेसनाला पाऊण वाटी तूप घेऊन मंद आचेवर २५-३० मिनिटं तरी लागतात. आधी ते जड, गोळा गोळा होतं, मग एका क्षणी हलकं होऊन तूप सुटतं आणि घरभर वास जातो. हे काम मोठ्या माणसाचंच. तोवर मुलांनी वेलदोडे सोलावेत, खलबत्त्यात कुटावेत, पिठीसाखर चाळावी. मोजून बेदाणे द्यावेत, न मोजता दिले तर लाडवांवर लावायला उरत नाहीत.

करंजी तेलात फुटते

करंजी फुटणं हा एकट्या करंजीचा अपघात नसतो. सारणातलं खोबरं आणि साखर तेलात जळते, तेल काळं पडतं आणि पुढच्या सगळ्या करंज्यांवर काळे कण बसतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, करंजीची पारी मोठ्यांनी लाटावी, मुलांनी फक्त भरावी आणि साचा दाबावा.

भरताना मुलं उदार होतात. सारण गोड, म्हणून जास्त. प्रत्येकाला एक लहान चमचा नेमून द्या आणि तो बोटाने सपाट करूनच पारीवर रिता करायचा असं ठरवा. सारणाचा एक कण जरी कडेवर राहिला तरी ती कड चिकटत नाही. कडेला दुधाचं बोट फिरवायचं, पण दूध ओघळेल इतकं नको. साचा मिटण्याआधी सारणाभोवती बोटाने हलकं दाबून हवा काढायची. आणि इथेही तेच घड्याळ! भरलेल्या करंज्या तासभर उघड्यावर ताटात पडून राहिल्या तर कड वाळते, तडकते आणि तेलात तोंड उघडते. ओला करून घट्ट पिळलेला पंचा वर टाकून ठेवा. पाणी टपकणारा नको, ते थेंब पुढे तेलात उडतात.

तळताना मी करंज्यांचे दोन गट करते, खात्रीच्या आणि संशयित. संशयित शेवटी. फुटल्या तरी तोवर बाकीच्या तळून झालेल्या असतात. संशयित कुणाच्या हे मात्र जाहीर करत नाही, मागे एकदा केलं होतं आणि पाडव्यापर्यंत रुसवा चालला.

चकलीऐवजी कडबोळी

चकलीसाठी मी दोन वर्षं झगडले आणि सोडून दिलं. सोऱ्या दाबायला लहान हातांत जोर पुरत नाही, एका हाताने दाबून दुसऱ्याने गोल फिरवणं तर नाहीच नाही. तोवर उकड गार होते, वाळते आणि चकली सोऱ्यातून निघतानाच तुटायला लागते. जमवायचंच असेल तर सोऱ्यात भरण्याआधी प्रत्येक वेळी पाण्याचा हात लावून तेवढंच पीठ मळून घ्या. पाडताना मोठ्यांनी दाबावं आणि मुलाने खालचा कागद गोल फिरवावा. हा खेळ त्यांना जमतो.

पण त्याच भाजणीची कडबोळी होतात, ती का करू नयेत? वाटीभर भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, मीठ, ओवा, तीळ, गरम पाण्यात भिजवून झाकून ठेवायचं. तेलाचं आणि गरम पाण्याचं आपण बघायचं, पीठ कोमट झालं की मुलांना बोलवायचं. बोराएवढी गोळी घेऊन तळव्याखाली पेन्सिलीएवढी वळी करायची आणि दोन टोकं जुळवून दाबायची. मातीचे साप करून हात तयार झालेलेच असतात. प्रत्येक गोळी हातातच ओली करून मळली जाते, त्यामुळे बाकी पीठ थांबलं तरी बिघडत नाही. वळीला भेगा पडल्या तर पाणी कमी आहे. तेलात कडबोळं विरायला लागलं तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा. बाहेरून लाल आणि तासाभराने मऊ पडलं तर आच मोठी होती. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत धीर धरायचा.

चिवड्यात मुलांनी बिघडवण्यासारखं फार काही नाही. पातळ पोहे निवडणं, कढीपत्ता ओरबाडणं, शेवटी मोठ्या पातेल्यात हलवणं, सगळं त्यांचंच. कढीपत्ता आदल्या दिवशी धुऊन वाळवा, ओला असला की फोडणी उडते. पोहे आक्रसत असतील तर फोडणीआधी ऊन द्या किंवा मंद आचेवर, चुरले की भुगा होईल इतके भाजा. गरम असताना डबा बंद केला तर सादळतो. ओल्या हाताने चोरून खाल्ला तरी सादळतो, त्याला उपाय नाही. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात, त्यांच्यापुरता चिवडा आधीच वेगळा काढा.

कढई आणि रेघ

घडवणं आणि तळणं एकाच वेळी करू नका. एका हाताने झारा, दुसऱ्याने पोळपाटावरची भांडणं, यातच पदार्थ करपतात आणि अपघात होतात. आमच्याकडे सकाळी बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रावर घडवणं, मग मुलं किल्ला करायला खाली, मग तळणं. हा क्रम उलटा केला तर नखांतली किल्ल्याची माती करंजीत येते, अनुभव आहे.

तळण बघायचा हट्ट होतोच. त्यासाठी ओट्यापासून तीन-चार फुटांवर मी रांगोळीची रेघ काढते. मुलं रेघेबाहेर, कढई मागच्या शेगडीवर, मूठ आतल्या बाजूला. कितीही घाई असली तरी ओला हात तेलावर न्यायचा नाही. भाजलंच तर आधी गॅस बंद करायचा आणि भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही नको. मोठे फोड आले, किंवा चेहऱ्यावर, तळहातावर भाजलं, तर थेट डॉक्टर.

कच्चं पीठ चाटण्यावरूनही भांडण होतं. कच्च्या मैद्याने पोट बिघडू शकतं, तेव्हा चाटायचं नाही हे आधीच सांगायचं आणि त्या बदल्यात पहिल्या घाण्यातली गार झालेली एक एक द्यायची. नैवेद्य दाखवायचा असतो हे मला माहीत आहे. सासूबाईंनी यावर तोडगा काढलाय, पहिल्या चार त्या देवापुढे ठेवतात आणि पाचवीपासून मुलांच्या.

तळणाचा ताप अजिबात नको असेल, मुलं फारच लहान असतील, तर नरक चतुर्दशीच्या सकाळचे पोहे आहेत. गोव्यात पहाटे नरकासुर जाळला की घरोघरी फोव खातात, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसात गूळ घालून केलेले. नारळाच्या रसातले पोहे चार वर्षांचं मूलही करू शकतं. रस आपण काढून द्यायचा, त्यात त्यांनी चिरलेला गूळ विरघळवायचा, वेलदोडा घालायचा आणि जाड पोहे धुऊन, निथळून त्यात सोडायचे. पोहे गिच्च झाले तर फार वेळ भिजले, कडक राहिले तर आणखी पाच मिनिटं थांबायचं. यापलीकडे बिघडायला काही नाही.

आणि झाल्याच शंकरपाळ्या दगड, तर पुन्हा तळू नका, आणखी कडक होतात. खलबत्त्यात फोडून मिक्सरमधून रवाळ काढा. त्यात गरम तूप लाडू वळण्यापुरतं, थोडं भाजलेलं सुकं खोबरं आणि वेलदोडा घाला. साखर आधीच आहे. मुलं पुन्हा वीस आकडे मोजून लाडू वळतात. गेल्या भाऊबिजेला मामाने दोन खाल्ले आणि कशाचे म्हणून विचारलं. धाकट्याकडे मी डोळे वटारून बघेपर्यंत त्याने सांगून टाकलं होतं.